दुखणे ‘अंगावर काढणे’ : स्त्रियांच्या संप्रेरकविषयक तक्रारी आणि वैद्यकीय दुर्लक्ष (मेहरूण व खानदेशाच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना :

मराठी भाषेत ‘दुखणे अंगावर काढणे’ असा एक वाक्प्रचार आहे. आजार आहे हे ठाऊक असूनही औषधोपचार न घेता तो सोसत राहणे, असा त्याचा अर्थ. हा वाक्प्रचार बहुधा स्त्रीच्या संदर्भात वापरला जातो आणि त्यात दोष स्त्रीकडेच जातो; तिने वेळीच सांगितले नाही, ती दवाखान्यात गेली नाही, असे गृहीत धरले जाते. परंतु ती गेली, तिने सांगितले आणि तरीही तिचे ऐकले गेले नाही, अशीही एक शक्यता असते. या दुसऱ्या शक्यतेचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही.

पाळीची अनियमितता, अतिरक्तस्राव, चेहऱ्यावरील अनावश्यक केस, अकारण वाढणारे वजन, सततचा थकवा, चाळिशीनंतर अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, झोप उडणे, चिडचिड या तक्रारींचा संबंध अनेकदा शरीरातील संप्रेरकांशी म्हणजे हार्मोन्सशी असतो. या तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे गेलेल्या स्त्रीला ‘हे सगळ्याच बायकांना होते’, ‘लग्न झाले की ठीक होईल’, ‘वजन कमी करा’, ‘टेन्शन घेऊ नका’ यांपैकी एखादे उत्तर मिळते व तिची बोळवण होते. असे का घडते, त्याचे परिणाम कोणते आणि महाविद्यालयासारखी संस्था याबाबत काय करू शकते, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संप्रेरकांचे कार्य व तक्रारींचे स्वरूप :

संप्रेरके ही अंतःस्रावी ग्रंथींतून थेट रक्तात मिसळणारी रासायनिक द्रव्ये होत. मेंदूतील हायपोथॅलॅमस, त्याखालील पीयूषिका ग्रंथी आणि स्त्रीबीजकोश यांच्यात संदेशांची सतत देवाणघेवाण चालू असते व तिच्यावर मासिक पाळीचे चक्र अवलंबून असते. अवटू म्हणजे थायरॉईड ग्रंथी आणि स्वादुपिंडातील इन्सुलिन यांचाही या चक्रावर प्रभाव पडतो. त्यामुळे एका ठिकाणी बिघाड झाला की लक्षणे अनेक ठिकाणी दिसतात. या तक्रारी दुर्लक्षित राहण्याचे पहिले कारण येथेच आहे. केसांसाठी त्वचारोगतज्ज्ञ, पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, थकव्यासाठी फिजिशियन आणि उदासीसाठी कोणीच नाही, अशी एकाच स्त्रीची विभागणी होते. सर्व लक्षणे एकत्र मांडून पाहणारा कोणी उरत नाही.

वानगीदाखल तीन अवस्था विचारात घेता येतील.

(१) पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम (पीसीओएस) : स्टाइन व लेव्हेंथल या अमेरिकन डॉक्टरांनी १९३५ साली या विकाराचे वर्णन केले. २००३ सालच्या रॉटरडॅम निकषांनुसार अनियमित बीजमोचन, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीत दिसणारी बीजकोशांची विशिष्ट रचना या तिहींपैकी दोन बाबी आढळल्यास व अन्य कारणे वगळल्यास हे निदान केले जाते. २०२३ साली सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार जगातील सुमारे १० ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने देशाच्या विविध भागांत १८ ते ४० वयोगटातील ९,८२४ स्त्रियांचा अभ्यास झाला व तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात रॉटरडॅम निकषांनुसार १९.६ टक्के, तर १९९० सालच्या अधिक कठोर निकषांनुसार ७.२ टक्के प्रमाण आढळले. मुंबईतील राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५ ते २४ वयाच्या मुलींमध्ये हे प्रमाण रॉटरडॅम निकषांनुसार २२.५ टक्के होते. म्हणजे कोणताही निकष लावला तरी साठ विद्यार्थिनींच्या वर्गात काही जणींना हा विकार असणारच.

(२) अवटुग्रंथीची मंदता : मुंबई व गोव्यासह आठ शहरांतील प्रौढांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १०.९५ टक्के व्यक्तींमध्ये ही मंदता आढळली आणि ३.४७ टक्के व्यक्तींना आपल्याला हा आजार आहे याची पूर्वी कल्पनाच नव्हती. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण अधिक असते. थकवा, केस गळणे, वजन वाढणे, पाळी जास्त जाणे ही त्याची लक्षणे ‘घरकामाचा शीण’ म्हणून सहज खपून जातात. वास्तविक एका साध्या रक्तचाचणीने त्याचे निदान होते.

(३) रजोनिवृत्तीचा संक्रमणकाळ : भारतीय रजोनिवृत्ती संस्थेच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६.२ व्या वर्षी कायमची थांबते. पाश्चात्त्य देशांत हे वय पन्नाशीच्या आसपास असते. पाळी थांबण्यापूर्वीची काही वर्षे संप्रेरकांची पातळी चढउतार करीत असते. म्हणजे आपल्याकडे चाळिशीच्या आरंभीच ही लक्षणे दिसू शकतात. परंतु पाळी चालू असल्यामुळे ‘तुमचे अजून वय झालेले नाही’ असे सांगितले जाते.

मेहरूण व परिसराचा संदर्भ :

मेहरूण हे मूळचे स्वतंत्र गाव आज जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीतील एक उपनगर आहे. तलाव आणि हिवाळ्यातील गोड बोरे ही त्याची जुनी ओळख. आज मात्र शेजारच्या औद्योगिक वसाहतीतील डाळ मिल, चटई व पाईप उद्योग, महाविद्यालये आणि नव्या वसाहती यांमुळे तेथील वस्ती मिश्र झाली आहे. मराठी, अहिराणी, लेवा गणबोली व उर्दू अशा अनेक बोली येथे नांदतात. जळगाव येथे २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून खासगी दवाखान्यांची संख्याही मोठी आहे. तेव्हा डॉक्टर उपलब्ध नाहीत अशी येथील स्थिती नाही. म्हणूनच हा परिसर विचारात घेण्यासारखा आहे. दवाखाना जवळ असणे आणि दवाखान्यात ऐकून घेतले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे स्पष्टपणे दिसू शकते.

जळगाव जिल्ह्याच्या बाबतीत एक जुना अभ्यास आठवणे उचित ठरेल. रवी दुग्गल व सुचेता अमीन यांनी ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ या संस्थेतर्फे जिल्ह्यातील कुटुंबांच्या आरोग्यखर्चाची पाहणी केली व ती १९८९ साली प्रसिद्ध झाली. बहुसंख्य कुटुंबे खासगी डॉक्टरांकडे जातात व खर्च स्वतःच्या खिशातून करतात, हे त्यातून पुढे आले. या वस्तुस्थितीचा प्रस्तुत विषयाशी थेट संबंध आहे. डाळ मिलमध्ये रोजंदारीवर जाणाऱ्या स्त्रीला दवाखान्याची एक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी, रिक्षाचे भाडे आणि तपासणी फी. पहिल्या फेरीत ‘काही नाही, सगळे नॉर्मल आहे’ हे उत्तर मिळाले, तर दुसरी फेरी करण्याचे समर्थन घरात करता येत नाही. अशा रीतीने डॉक्टरांचे एक वाक्य तिच्यासाठी उपचाराचा मार्ग बंद करते.

हवामानाचाही यात वाटा आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगावचे तापमान ४४-४५ अंशांपर्यंत जाते. अशा वेळी ‘अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो’ ही तक्रार उन्हाच्या खात्यावर टाकणे सोपे असते. परंतु उन्हाचा त्रास घरातील सर्वांनाच होतो व सावलीत, पंख्याखाली कमी होतो. रजोनिवृत्तीच्या काळातील वाफा काही मिनिटांपुरत्या, एकाएकी, बहुधा छाती-मानेकडून चेहऱ्याकडे चढतात, रात्री झोपेतून जागे करतात आणि पौष महिन्यातही येतात. एवढा फरक विचारून घेतला तरी गैरसमज टळू शकतो.

महाराष्ट्रातील अनुभव : विचारले तर सांगितले जाते :

स्त्रिया सांगत नाहीत, हा युक्तिवाद कितपत खरा आहे? याचे उत्तर महाराष्ट्रातीलच एका अभ्यासाने दिले आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत केलेला अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ६५० स्त्रियांची तपासणी केली असता ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले. सरासरी काढता दर स्त्रीमागे ३.६ आजार होते. त्यांपैकी केवळ ८ टक्के स्त्रियांची यापूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेली होती. या आजारांत जंतुसंसर्गाचा वाटा मोठा असला, तरी पाळीच्या तक्रारीही लक्षणीय होत्या. तोपर्यंत सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने ग्रामीण स्त्री म्हणजे केवळ गर्भवती माता किंवा कुटुंबनियोजनाची लाभार्थी होती. या अभ्यासाने ती दृष्टी अपुरी असल्याचे दाखवून दिले.

खानदेशाला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यात ‘सेहत’ या संस्थेने केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यातील एक निरीक्षण महत्त्वाचे आहे. ‘तुम्हाला काही आजार आहे का?’ असा सर्वसाधारण प्रश्न विचारला असता स्त्रिया थोडेच सांगत. मात्र एकेक लक्षण घेऊन विचारले असता नोंदल्या जाणाऱ्या आजारांचे प्रमाण बरेच वाढले. याचा अर्थ असा की, मौन हा स्त्रीचा स्वभाव नसून प्रश्न विचारण्याच्या पद्धतीचा तो परिणाम असतो.

दुर्लक्षाची कारणे :

१. वेळेचा अभाव : प्राथमिक आरोग्यसेवेतील सल्ल्याच्या कालावधीचा जागतिक आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात डॉक्टर एका रुग्णाला सरासरी सुमारे २ मिनिटे देतात. सहा महिन्यांची पाळीची हकिकत दोन मिनिटांत सांगता येत नाही व ऐकताही येत नाही. येथे व्यक्तिशः डॉक्टरांना दोष देण्यापेक्षा व्यवस्थेवरील ताण लक्षात घेणे न्याय्य ठरेल.

२. ज्ञानाची विषमता : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७७ साली प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांना औषधांच्या प्रारंभिक चाचण्यांतून वगळण्याची सूचना केली होती, ती १९९३ साली मागे घेण्यात आली. यांसारख्या धोरणांमुळे वैद्यकशास्त्राचे बरेचसे ज्ञान पुरुषदेह प्रमाण मानून उभे राहिले.

३. ऐतिहासिक पूर्वग्रह : ‘हिस्टेरिया’ हा शब्द गर्भाशयवाचक ग्रीक शब्दावरून आला आहे. स्त्रीच्या अनाकलनीय तक्रारींना मानसिक ठरविण्याची ही परंपरा दीर्घ आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणातून हिस्टेरिया हे निदान १९८० साली वगळले गेले. तथापि ‘टेन्शन घेऊ नका’ या सल्ल्यात त्याची छाया आजही दिसते. ताण व उदासी ही पीसीओएसची लक्षणेही असू शकतात. त्यांना कारण मानून तपासणीच थांबविणे ही तर्काची चूक होय.

४. भाषेचा प्रश्न : ‘अंगावर जास्त जाते’, ‘पांढरे जाते’, ‘अडचण’, ‘कावळा शिवला’ अशी आडवळणाची शब्दयोजना हीच स्त्रीची आजाराविषयीची भाषा असते. डॉक्टरांची भाषा निराळी. ‘जास्त’ म्हणजे किती, हे घड्या किंवा पॅड किती तासांनी बदलावे लागतात असे विचारल्याशिवाय कळत नाही. त्यातच सोबत आलेली सासू किंवा पती तिच्या वतीने बोलू लागला, की मूळ तक्रार बाजूलाच राहते.

५. प्रजननकेंद्री दृष्टिकोन : भारतात १९५२ साली कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाला. १९९४ च्या कैरो परिषदेनंतर १९९७ साली प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम आला. तरीही यंत्रणेचे लक्ष गर्भारपण व प्रसूती यांवरच केंद्रित राहिले. परिणामी अविवाहित मुलगी आणि चाळिशी ओलांडलेली स्त्री या दोघी व्यवस्थेच्या नजरेबाहेर राहतात. ‘लग्न झाल्यावर पाहू’ हे उत्तर याच दृष्टीतून येते. पाळीचे महत्त्व जणू केवळ अपत्यप्राप्तीपुरते आहे.

इंग्लिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ साली मांडलेली ‘ज्ञानविषयक अन्याय’ ही संकल्पना येथे उपयुक्त ठरते. बोलणाऱ्याच्या सामाजिक ओळखीमुळे त्याच्या साक्षीला कमी विश्वासार्ह मानणे हा एक अन्याय; आणि स्वतःचा अनुभव समजून घेण्यास लागणारे शब्द व संकल्पनाच समाजात उपलब्ध नसणे हा दुसरा. मेहरूणमधील एखाद्या गृहिणीच्या बाबतीत हे दोन्ही एकाच वेळी घडू शकतात.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. प्रामुख्याने उत्तर अमेरिका व युरोपातील १,३८५ पीसीओएसग्रस्त स्त्रियांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एकतृतीयांश स्त्रियांना निदानासाठी दोन वर्षांहून अधिक काळ लागला होता आणि ४७.१ टक्के स्त्रियांना तीन किंवा अधिक वैद्यकीय व्यावसायिकांकडे जावे लागले होते. निदानाच्या अनुभवाविषयी समाधानी असलेल्या स्त्रिया केवळ ३५.२ टक्के होत्या.

दुर्लक्षाचे परिणाम :

निदान लांबल्याने होणारे नुकसान केवळ मानसिक नसते. पीसीओएसमध्ये इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावतो. त्यामुळे मधुमेहाचा धोका वाढतो. महिनोन्‌महिने पाळी न आल्यास गर्भाशयाच्या अस्तराची वाढ अनियंत्रित होऊन पुढे कर्करोगाचा धोका संभवतो. अतिरक्तस्रावाची परिणती रक्तक्षयात होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय होता. आहारातील लोहाची उणीव हे त्याचे कारण आहेच. परंतु लोहाच्या गोळ्या देताना ‘पाळी किती जाते?’ हा प्रश्न विचारला नाही, तर गळक्या माठात पाणी भरल्यासारखे होते.

दुर्लक्षाचे दुसरे टोक अधिक गंभीर आहे. ज्या तक्रारीचा वर्षानुवर्षे शोध घेतला गेला नाही, तिच्यावर एके दिवशी ‘पिशवी काढून टाका’ हा उपाय सुचविला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बाबतीत हे २०१९ साली उघडकीस आले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या आकडेवारीनुसार पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली होती. म्हणजे जवळपास दर सहा स्त्रियांमागे एक. देशपातळीवर २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील हे प्रमाण ३.२ टक्के होते. पाळीमुळे बुडणारी मजुरी, कर्करोगाची भीती आणि खासगी रुग्णालयांचे अर्थकारण ही त्यामागील कारणे चर्चेत आली. गर्भाशयासोबत बीजकोशही काढले गेल्यास तिशीतील स्त्रीला एकाएकी रजोनिवृत्ती येते. हाडांची झीज व हृदयविकाराचा धोका वाढतो. तक्रार न ऐकणे आणि अवयवच काढणे ही वरकरणी परस्परविरोधी वाटतात. पण दोहोंत एक साम्य आहे, ते म्हणजे कारणाचा शोध घेतला जात नाही.

या प्रश्नावर केंद्र शासनाने २०२२ साली मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आणि डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना ती तीन महिन्यांत स्वीकारण्याचे निर्देश दिले.

उपाययोजना व महाविद्यालयांची भूमिका :

रुग्णाचे हक्क कागदावर उपलब्ध आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद मांडली. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या सुधारणेद्वारे त्यांपैकी अनेक हक्कांना स्थान मिळाले. आजाराची व उपचारांची माहिती मिळणे, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे, पुरुष डॉक्टरांकडून तपासणी होताना स्त्री उपस्थित असणे यांचा त्यात समावेश आहे. हे हक्क प्रत्यक्षात यावयाचे, तर ते ठाऊक असणे आवश्यक आहे. या कामी महाविद्यालयीन शिक्षक पुढीलप्रमाणे साह्य करू शकतात :

(अ) पाळीची नोंदवही : पाळी सुरू झाल्याची तारीख, दिवसांची संख्या, रोज बदललेल्या पॅडची संख्या, वेदना, झोप व अन्य लक्षणे यांची तीन महिने साध्या वहीत नोंद ठेवण्यास विद्यार्थिनींना शिकवावे. ‘पाळी गडबडते’ या विधानाला जे वजन मिळत नाही, ते तारखांना मिळते. डॉक्टरांचा वेळही वाचतो.

(आ) सामान्य व असामान्य यांतील सीमारेषा : पहिली पाळी आल्यानंतर वर्षभराने व तीन वर्षांपर्यंत २१ ते ४५ दिवसांचे चक्र आणि त्यानंतर २१ ते ३५ दिवसांचे चक्र हे सर्वसाधारण समजले जाते. पहिले वर्ष उलटल्यावर कोणतेही एक चक्र ९० दिवसांहून लांबले किंवा १५ व्या वर्षापर्यंत पाळीच आली नाही, तर तपासणी करून घ्यावी. याउलट पहिल्या पाळीनंतरच्या आठ वर्षांत केवळ सोनोग्राफीवरून पीसीओएसचा शिक्का मारू नये, असेही आंतरराष्ट्रीय तत्त्वे सांगतात. अनावश्यक भीती टाळणे हाही योग्य ऐकून घेण्याचाच भाग आहे.

(इ) विचारावयाचे प्रश्न : ‘या त्रासाची संभाव्य कारणे कोणती?’, ‘कोणती कारणे आपण वगळली?’, ‘ही गोळी कशासाठी व किती दिवस?’, ‘फरक न पडल्यास पुढे काय?’ हे चार प्रश्न नम्रपणे विचारण्याचा सराव वर्गात घेता येईल.

(ई) संस्थात्मक दुवे : २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत १० ते १९ वयोगटासाठी समुपदेशनाची तरतूद आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून महाविद्यालये त्याच्याशी जोडली जाऊ शकतात. सॅनिटरी पॅडचे यंत्र बसविल्याने स्वच्छतेचा प्रश्न सुटतो, आरोग्याचा नव्हे.

(उ) भाषाविषयक प्रकल्प : मराठी, उर्दू व समाजशास्त्र विभागांनी परिसरातील स्त्रिया आजारांसाठी वापरीत असलेल्या शब्दांचा संग्रह करून तो वैद्यकीय विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविल्यास ते आंतरविद्याशाखीय कार्याचे उत्तम उदाहरण ठरेल.

येथे एक बाब आवर्जून नमूद केली पाहिजे. हा प्रश्न केवळ विद्यार्थिनींचा नाही. चाळिशी ओलांडलेल्या प्राध्यापिका, लिपिक व सफाई कर्मचारी स्त्रिया याही याच अनुभवातून जात असतात आणि कामाच्या ठिकाणी त्याविषयी बोलत नाहीत.

समारोप :

डॉ. आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेस जाण्यापूर्वी १८८३ साली श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयात भाषण केले होते. भारतीय स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची गरज आहे, हे आपल्या प्रवासाचे कारण त्यांनी तेथे सांगितले. १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. आज जळगावसारख्या शहरात स्त्री डॉक्टर आहेत, प्रयोगशाळा आहेत, सोनोग्राफी केंद्रे आहेत. आनंदीबाईंनी ओळखलेली अर्धी गरज भागली आहे. स्त्रीने स्वतःच्या शरीराविषयी दिलेली साक्ष ग्राह्य मानली जाणे, ही उरलेली अर्धी गरज होय.

थोडक्यात, संप्रेरकविषयक तक्रारींकडे होणारे दुर्लक्ष हे वेळ, ज्ञान, भाषा व दृष्टिकोन या चार उणिवांतून निर्माण होते. पहिल्या दोन उणिवा दूर करणे मुख्यतः शासनाच्या व वैद्यकक्षेत्राच्या हाती आहे. भाषा व दृष्टिकोन यांवर मात्र शिक्षणसंस्था आजपासून काम करू शकतात. मेहरूणमधील एखादी मुलगी तीन महिन्यांच्या तारखा लिहिलेली वही घेऊन दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांनी ती वही उघडून पाहिली, तर ‘अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार त्या घरापुरता तरी कालबाह्य होण्यास प्रारंभ होईल.